घरच्या वाय-फायवरचे अनाहूत पाहुणे

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबाद शहर साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांच्या कार्यालयांत एक ई-मेल येऊन पडला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो अहमदाबादेत नव्हे, तर नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापाशी जाऊन थांबला. तेथे एक अमेरिकी नागरिक कुटुंबासह राहत होता. त्याच्या घरचे वाय-फाय बाहेरच्या कोणीतरी परस्पर वापरले, असे पुढे निष्पन्न झाले. परंतु तोपर्यंत त्याला चौकशीला सामोरे जावे लागले आणि घरातील संगणक तपासणीसाठी द्यावे लागले. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईतीलच एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायचा असाच गैरवापर झाला. या प्रकरणांनंतर, २००९ च्या आरंभी, केंद्रीय दूरसंचार खात्याने इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांच्या वाय-फायच्या सुरक्षिततेबाबत सूचना काढल्या.

त्या काळी पासवर्डच नसलेली उघडी वाय-फाय जाळी शहरोशहरी सापडत. आज तसे घर विरळा. तंत्रज्ञ राउटर बसवून जातो तेव्हाच तो पासवर्ड घालून देतो आणि गृहस्थ निश्चिंत होतो. या निश्चिंतीतच खरी मेख आहे. घरच्या जाळ्यावर नको असलेली जी उपकरणे आढळतात, त्यांतली बहुतेक कुलूप फोडून आलेली नसतात. कधीतरी, कोणीतरी, हौसेने किंवा भिडेखातर त्यांना किल्ली दिलेली असते आणि ती परत घेण्याचे राहून गेलेले असते. चवथीला वडिलोपार्जित घरी जमलेली भाचरे-पुतणी, दोन वर्षांपूर्वी तीन महिने राहून गेलेला भाडेकरू, रंगकामासाठी आठवडाभर येणारे कामगार, शिकवणीला येणारी मुले, शेजारच्या घरात नवी जोडणी मिळेपर्यंत ‘चार दिवसांसाठी’ दिलेला पासवर्ड... यादी कोणत्याही घरी सहज लांबते.

बरे, दिलेला पासवर्ड ज्याला दिला त्याच्यापाशीच राहतो असेही नाही. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून पुढच्या मोबाइलवर जोडलेल्या वाय-फायचा क्यूआर कोड एका स्पर्शात निघतो आणि दुसऱ्याला दाखवता येतो. अनेक मोबाइलवर त्या कोडखाली पासवर्ड चक्क अक्षरांत छापून येतो. शिवाय मोबाइल बदलला, तरी जुन्या मोबाइलमधील वाय-फायचे पासवर्ड मालकाच्या खात्यातून नव्या मोबाइलवर उतरतात. म्हणजे तीन वर्षांपूर्वी एका दुपारी आलेला पाहुणा आज नवा मोबाइल खिशात घालून घरासमोरून गेला, तरी त्याचा मोबाइल आपसूक जाळ्याला जोडला जाऊ शकतो. त्यात त्याचा काही दुष्ट हेतू असेलच असे नाही. त्याला ते ठाऊकही नसेल.

बिघडते काय?

‘वापरले कोणी चार दिवस, तर बिघडते काय? आता डेटा अमर्याद मिळतो,’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. डेटापुरता तो बराचसा खराही आहे. प्रश्न डेटाचा नाही, ओळखीचा आहे.

घरात दहा उपकरणे असोत वा वीस, बाहेरच्या इंटरनेटला त्या घराचा एकच पत्ता दिसतो. राउटर सर्वांच्या वतीने त्या एका पत्त्यावरून बोलतो आणि आलेली उत्तरे आत ज्याची त्याला वाटून देतो. त्यामुळे त्या जाळ्यावरून कोणी धमकीचा संदेश पाठवला, बनावट खाते उघडले, लहान मुलांची अश्लील छायाचित्रे उतरवून घेतली किंवा कोणाच्या बँक खात्यावर हात मारला, तर तपासात समोर येतो तो घराचा पत्ता. तो पत्ता अमुक वेळी कोणत्या ग्राहकाला दिला होता, एवढेच सेवा पुरवणारी कंपनी पोलिसांना सांगू शकते. घरातल्या कोणत्या मोबाइलने ते कृत्य केले, हे तिला बहुधा सांगता येत नाही. ते जाणणारे एकच यंत्र म्हणजे घरचा राउटर, आणि त्याची स्मृती तोकडी असते. कित्येक साध्या राउटरमध्ये वीज गेली की नोंदी पुसल्या जातात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते, हे निराळे सांगायला नको. ज्याच्या नावावर जोडणी, त्याच्या दारात पोलीस येतात. तो निर्दोष ठरेलही, पण तोपर्यंतचे दिवस त्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे.

दुसरी बाजू घराच्या आतली. वाय-फायला जोडलेले उपकरण केवळ इंटरनेट वापरते असे नाही. ते घराच्या जाळ्याच्या आत येते. तिथून त्याला प्रिंटर दिसतो, स्मार्ट टीव्ही दिसतो, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर दिसतो, संगणकावर सर्वांसाठी खुला ठेवलेला फोल्डर दिसतो आणि राउटरच्या मांडणीचे पानही उघडता येते. त्या पानाचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेला असेल, तर आत आलेला माणूस राउटरचा मालकच होतो. अशाने राउटरमधील डीएनएसचा पत्ता बदलण्याचे प्रकार घडले आहेत. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाचे नाव घेतले की त्याचा अंकांतील पत्ता सांगणारी सेवा. चव्हाट्यावरच्या दिशादर्शक फलकासारखी. फलक फिरवला की पणजीला निघालेला मडगावला पोहोचतो आणि बँकेच्या पानावर जाऊ पाहणारा ग्राहक हुबेहूब दिसणाऱ्या नकली पानावर. ‘डीएनएस चेंजर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या अशा एका टोळीचा बीमोड अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये केला, तेव्हा जगभरातील सुमारे ४० लाख संगणक तिच्या जाळ्यात अडकले होते. त्या विषाणूचे काही प्रकार राउटरच्या न बदललेल्या पासवर्डचाच फायदा घेत.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करायला हवा. इंटरनेट मंद झाले की कोणीतरी वाय-फाय चोरत आहे, असा संशय लगेच घेतला जातो. बहुतेक वेळा तो निराधार असतो. गोव्यातील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात, पावसाळ्यात त्या पाणी धरून ठेवतात आणि रेडिओ लहरी त्यांत जिरतात. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर थकतात. सोप्यात ठेवलेल्या राउटरचा वेग मागच्या स्वयंपाकघरात मिळत नसेल, तर दोष शेजाऱ्याला देण्याआधी भिंतीला द्यावा. शेजारधर्म त्यामुळे टिकतो.

आत कोण आहे, हे पाहायचे कसे?

राउटरला स्वतःचे एक पान असते. घरच्या वाय-फायला जोडलेल्या मोबाइलवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी राउटरचा अंतर्गत पत्ता टाकला की ते उघडते. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, तो आणि त्या पानाचा पासवर्ड राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर सापडतो. (टाइप करताना अंक अर्थातच इंग्रजी घ्यायचे.) काही कंपन्यांचे स्वतःचे मोबाइल ॲप असते, त्यात हेच काम अधिक सोपे होते. आत गेल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते.

ही यादी पहिल्यांदा पाहणाऱ्याची छाती दडपते. घरात माणसे चार आणि यादीत उपकरणे सतरा! त्यातली निम्मी नावे अगम्य. पण घाबरून जाण्याआधी घरातली मोजदाद करावी: चौघांचे मोबाइल, एखादा जुना मोबाइल जो मुलांच्या हाती दिला आहे, लॅपटॉप, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, दोन कॅमेरे, प्रिंटर, मोबाइलवरून चालणारा वातानुकूलक, बोलणारा स्पीकर, एखादा स्मार्ट प्लग. मोजणी बहुधा बारा-तेरापर्यंत सहज जाते. प्लग किंवा दिव्यातील चिप दुसऱ्याच कारखान्याची असल्याने यादीत चिनी कंपनीचे अनोळखी नाव दिसते, आणि ते उपकरण हेर नसून देवघरातला दिवा असतो.

प्रत्येक उपकरणापुढे बारा चिन्हांचा एक क्रमांक असतो, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेला. त्याला मॅक पत्ता म्हणतात. पहिल्या तीन जोड्यांवरून एरवी उत्पादक कंपनी ओळखता येते. अलीकडे मात्र मोबाइल हा पत्ता लपवू लागले आहेत. अँड्रॉइडच्या दहाव्या आणि आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९-२० पासून, मोबाइल प्रत्येक वाय-फायसाठी एक बनावट मॅक पत्ता तयार करतो, जेणेकरून दुकाने आणि विमानतळ त्याचा माग काढू शकणार नाहीत. असा बनावट पत्ता ओळखण्याची खूण सोपी आहे: त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असते. यादीतील ज्या ‘अज्ञात’ उपकरणाला ही खूण आहे, तो बहुधा मोबाइल किंवा टॅब्लेट असतो. कॅमेरा किंवा दिवा क्वचितच.

तरीही खात्री पटत नसेल, तर सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आपली उपकरणे एकेक करून वाय-फायवरून उतरवायची आणि यादीतून कोणते नाव गेले ते पाहायचे. काही राउटर गेलेले नाव यादीत थोडा वेळ ठेवतात, तेव्हा दोन-चार मिनिटे थांबावे. सर्व उपकरणे बंद झाल्यावरही एखादे नाव टिकून राहिले आणि माहिती घेत-देत राहिले, तर ते बाहेरचे. हे काम रविवारी सकाळी, सगळे घरी असताना, तासाभरात होते. ओळखलेल्या प्रत्येक उपकरणाला राउटरच्या यादीत आपले नाव देऊन ठेवले, तर पुढच्या खेपेला पाच मिनिटे पुरतात.

पासवर्ड किती दिवस टिकतो?

वाय-फायच्या कुलपांचा इतिहास फारसा गौरवाचा नाही. १९९७ च्या मूळ मानकातील ‘वेप’ ही पद्धत २००१ मध्ये संशोधकांनी मोडीत काढली. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आली, ती तात्पुरती डागडुजी होती. २००४ पासून ‘डब्ल्यूपीए-२’ रूढ झाली आणि आजही बहुसंख्य घरे तिच्यावरच चालतात. २०१८ मध्ये जाहीर झालेली ‘डब्ल्यूपीए-३’ जुलै २०२० पासून वाय-फायचे प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या उपकरणांना बंधनकारक झाली.

डब्ल्यूपीए-२ चे गणित समजून घेण्याजोगे आहे, कारण पासवर्ड कसा असावा हे त्यावरूनच कळते. मोबाइल राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते. त्यात पासवर्ड उघडपणे सांगितला जात नाही, पण तो दोघांनाही ठाऊक आहे याची पडताळणी होते. रस्त्यावर गाडीत बसलेला माणूस हे चार संदेश हवेतून टिपून घेऊ शकतो. मग घरी जाऊन, स्वतःच्या संगणकावर, निवांतपणे तो पासवर्डचे अंदाज एकेक करून त्या संदेशांशी ताडून पाहतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. तीन वेळा चुकले की दार बंद, असला प्रकार येथे नाही. संगणकीय खेळांसाठी विकले जाणारे एखादे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे दहा लाख अंदाज तपासते.

आता आपल्याकडचा सर्वांत लाडका पासवर्ड घेऊ: घरमालकाचा मोबाइल क्रमांक. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला मोठी वाटणारी ही संख्या सेकंदाला दहा लाखांच्या वेगाने ४,००० सेकंदांत, म्हणजे जेमतेम एक तास सात मिनिटांत संपते. जन्मतारीख आठ अंकांत लिहिली असेल, तर शंभर वर्षांतील सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजारांच्या आसपास; त्यांना सेकंदाचा अंशही पुरतो. नावापुढे १२३ किंवा चालू वर्ष जोडणे ही सवय तर अंदाज बांधणाऱ्या प्रत्येक प्रणालीला तोंडपाठ असते. इतके करण्याचीही बहुधा गरज नसते, कारण मोबाइल क्रमांक दारावरच्या पाटीवर लिहिलेलाच असतो.

याउलट, परस्परांशी संबंध नसलेले पाच शब्द घेतले आणि ते दोन हजार नेहमीच्या शब्दांतून निव्वळ योगायोगाने निवडले, तर शक्यतांची संख्या इतकी वाढते की त्याच कार्डाला सर्व तपासायला हजार वर्षे लागतील. वाय-फायचा पासवर्ड आठ ते त्रेसष्ट चिन्हांचा असू शकतो आणि तो रोमन अक्षरांत द्यावा लागतो. त्यामुळे माड, पाटले, तिसऱ्या, घुमट, आबोली अशांसारखे मराठी-कोकणी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर ते लक्षातही राहतात आणि परक्याच्या शब्दसूचीतही सहसा सापडत नाहीत. (हेच पाच शब्द अर्थात आता बाद झाले.) म्हण, गाण्याची ओळ किंवा देवाचे नाव मात्र टाळावे. शब्द एकमेकांपासून जितके तुटक, तितके बरे. विचित्र चिन्हे घालून आठ अक्षरांचा कठीण पासवर्ड करण्यापेक्षा तीस अक्षरांचा साधा पासवर्ड अधिक मजबूत असतो. टीव्हीच्या रिमोटने तो टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो, हे खरे.

डब्ल्यूपीए-३ मध्ये ही घरी बसून अंदाज बांधण्याची सोयच काढून टाकली आहे. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते. राउटरमध्ये तो पर्याय असेल, तर निवडावा. घरातील जुनी उपकरणे जोडली जात नसतील, तर दोन्ही पद्धती एकत्र चालवणारा मिश्र पर्याय असतो, तो चालेल. मात्र त्यात जुन्या पद्धतीची उणीव शिल्लक राहते, म्हणून पासवर्ड लांबच हवा.

एवढे करूनही एक मागचे दार उघडे राहू शकते. राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ नावाचे बटण असते. पासवर्ड टाइप करण्याचा त्रास वाचावा म्हणून ही सोय काढली गेली, आणि तिच्यात बटणाबरोबर आठ अंकी पिनचीही तरतूद केली गेली. आठ अंकांच्या दहा कोटी जोड्या होतात, म्हणजे पिन भक्कम वाटते. डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकाने दाखवून दिले की राउटर ही पिन अर्धी-अर्धी तपासतो आणि पहिले चार अंक बरोबर आहेत की नाही हे विचारणाऱ्याला कळू देतो. त्यातून शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरणारा. म्हणजे पहिल्या भागासाठी दहा हजार आणि दुसऱ्यासाठी एक हजार, असे एकूण अकरा हजार प्रयत्न पुरेसे. दहा कोटींचा किल्ला अकरा हजारांवर आला! पिन सापडली की पासवर्ड कितीही लांब असो, राउटर तो स्वतःच सांगून टाकतो. पुढे अनेक कंपन्यांनी चुकीच्या प्रयत्नांवर बंधने घातली. तरी जुन्या राउटरवर विसंबण्यापेक्षा डब्ल्यूपीएसचा पर्याय सरळ बंद करावा. त्यावाचून कोणाचेही अडत नाही.

दोन निरुपयोगी उपाय

वाय-फायचे नाव लपवावे आणि ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश द्यावा, असे दोन सल्ले वर्षानुवर्षे दिले जातात. दोन्हींचा उपयोग नगण्य आहे. नाव लपवलेले जाळे साध्या मोफत प्रणालीने ओळखता येते, कारण जोडणी होताना ते नाव हवेत उच्चारले जातेच. उलट त्या जाळ्याला जोडलेले मोबाइल घराबाहेर असतानाही ‘अमुक नावाचे जाळे इथे आहे का’ असे पुकारत फिरू शकतात. मॅक पत्त्यांची यादी तर त्याहून पोकळ. परवानगी असलेल्या मोबाइलचा पत्ता हवेतून वाचून आपल्या उपकरणाला तोच पत्ता लावणे हे काही मिनिटांचे काम आहे. आणि मोबाइल आपला पत्ता बदलू लागल्यापासून या यादीचा त्रास चोरापेक्षा घरच्यांनाच अधिक होतो. यात घालवायचा वेळ पासवर्ड बदलण्यात घालवणे शहाणपणाचे.

पासवर्ड बदलणे म्हणजे घरातील सर्व उपकरणांची जोडणी तुटणे. कॅमेऱ्यासाठी शिडी लावावी लागते, प्रिंटरची पुस्तिका शोधावी लागते, म्हणून हे काम लांबणीवर पडते. म्हणूनच नवा राउटर घेताना लोक तंत्रज्ञाला सांगतात, ‘नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा.’ त्याने घरची उपकरणे आपोआप जोडली जातात, आणि बाहेरचीही! किल्ल्या गावभर वाटलेल्या असताना नव्या दाराला जुनेच कुलूप लावण्यासारखे ते आहे. राउटर बदलतो, तो क्षणच नवा पासवर्ड लावण्यास सर्वांत सोयीचा.

पाहुण्यांसाठी वेगळी पडवी

पाहुण्याला पासवर्ड देऊ नये, असे सांगणे गोव्याच्या आतिथ्याला धरून होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. हल्लीच्या बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाचा पर्याय असतो. त्याने त्याच राउटरवर वेगळ्या नावाचे आणि वेगळ्या पासवर्डचे दुसरे जाळे तयार होते. त्यावरील उपकरणांना इंटरनेट मिळते, पण घरातील संगणक, प्रिंटर किंवा राउटरचे पान दिसत नाही. पाहुणा पडवीत बसतो, चहा घेतो. माजघरात येत नाही. चवथ संपली की त्या जाळ्याचा पासवर्ड बदलला, तरी घरातले एकही उपकरण तुटत नाही. ही एकच सोय नीट वापरली, तर वर सांगितलेल्या अर्ध्याअधिक अडचणी उद्भवतच नाहीत. पर्याय सुरू करताना ‘स्थानिक जाळ्यात प्रवेश’ अशा अर्थाचा खटका बंद असल्याची खात्री करावी. तो चालू राहिला तर पडवी आणि माजघर यांतली भिंतच नाहीशी होते.

बार्देश, पेडणे किंवा काणकोणच्या किनारपट्टीवर ज्या घरांनी एक-दोन खोल्या पर्यटकांना दिल्या आहेत, त्यांच्यासाठी तर हे अत्यावश्यक मानायला हवे. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची माहिती कळवण्याची दक्षता मालक घेतो, पारपत्राची प्रत जपून ठेवतो. आणि त्याच पाहुण्याला आपल्या नावावरील, आपल्या मुलांच्या अभ्यासाच्या, आपल्या बँक व्यवहारांच्या जाळ्याचा पासवर्ड भिंतीवर लिहून देतो. वर्षभरात शंभर पाहुणे आले, तर शंभर कुटुंबांच्या मोबाइलमध्ये तो पासवर्ड साठतो. खोल्या बारमाही भाड्याने जात असतील, तर पाहुण्यांसाठी स्वतंत्र जोडणी घेणेच श्रेयस्कर. ते परवडत नसेल, तर गेस्ट नेटवर्क आणि प्रत्येक मुक्कामानंतर नवा पासवर्ड. राउटर पाहुण्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नये. त्याच्या तळाची चिठ्ठी टिपायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो आणि मागचे रीसेटचे छिद्र दाबायला एक टाचणी.

गेस्ट नेटवर्कचा दुसरा उपयोग कमी लोक करतात: घरातील स्वस्त स्मार्ट उपकरणे त्यावर टाकण्याचा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या विषाणूने कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर अशी लाखो उपकरणे ताब्यात घेतली, तीही कोणताही गूढ मार्ग न वापरता. कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक वापरून पाहत. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या कंपनीच्या सेवेवर केलेल्या हल्ल्यात ट्विटर आणि नेटफ्लिक्ससह अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. अशी उपकरणे घरचीच असली, तरी त्यांच्यावर घरच्यांइतका विश्वास टाकण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलावा आणि त्याला पडवीतच बसवावे. प्रिंटर आणि टीव्हीवर चित्र टाकण्याची सोय मात्र मुख्य जाळ्यावरच ठेवावी लागेल. नाहीतर मोबाइलला ती सापडत नाहीत.

राउटरच्या आज्ञावलीची अद्ययावत आवृत्ती, म्हणजे फर्मवेअर, वेळोवेळी चढवणे हा कंटाळवाणा पण गरजेचा भाग. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘क्रॅक’ नावाची डब्ल्यूपीए-२ मधील त्रुटी उघड झाली, तेव्हा पासवर्ड बदलून ती बुजत नव्हती. मोबाइल, संगणक आणि राउटर अद्ययावत करणे हाच इलाज होता. ज्या राउटरसाठी कंपनीने सुधारणा देणे थांबवले आहे, तो चालत असला तरी निवृत्त करावा.

परके उपकरण खरोखरच सापडले, तर

पहिली ऊर्मी पासवर्ड बदलण्याची असते. त्याआधी दोन मिनिटे थांबून जोडलेल्या उपकरणांच्या यादीचे छायाचित्र घ्यावे. त्यात नाव, मॅक पत्ता, दिनांक आणि वेळ दिसायला हवी. राउटरमध्ये नोंदवही असेल, तर ती उतरवून घ्यावी. राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यास हा पुरावा नाहीसा होऊ शकतो. त्यानंतर राउटरच्या पानाचा पासवर्ड आधी बदलावा आणि वाय-फायचा नंतर. क्रम उलटा झाला, तर आत बसलेल्याच्या हाती राउटर राहण्याचा धोका आहे. डीएनएसच्या रकान्यात अनोळखी पत्ता नाही ना, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय सुरू नाही ना, हेही त्याच बैठकीत पाहावे. शंका असल्यास राउटर कारखान्यातल्या मूळ स्थितीत आणून सारी मांडणी नव्याने करावी. त्यासाठी इंटरनेट कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावण्यास हरकत नाही, फक्त तो घालून देईल तो पासवर्ड तो गेल्यावर बदलावा.

उपकरण शेजारच्या मुलाचे निघाले, तर प्रकरण पासवर्ड बदलण्यावरच संपवणे बरे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र आहे आणि ते अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केले असेल, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; पण प्रत्येक आगाऊपणा त्या पायरीला नेण्याजोगा नसतो. पैसे गेले असतील, खात्यात कोणी शिरल्याची चिन्हे असतील किंवा जाळ्यावरून आपण न केलेले काही घडल्याचे कळले, तर मात्र विलंब करू नये. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. इतर तक्रारी केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा रायबंदर येथील सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात देता येतात. सोबत यादीचे ते छायाचित्र न्यावे.